चाकणच्या बुरुजाला चुना

चाकणची रणभूमी प्रत्यक्ष पाहण्याच्या तीन आठवडे आधीच मी तिच्यावर पत्रक लिहिलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे घडलं त्यानंतर ते लपवण्यात अर्थ राहिलेला नाही.

झालं असं. चिंचवडला आमचं पत्रक जिथं छापतात त्या छापखान्यात चाकणचा एक कांद्याचा व्यापारी लेबलं छापायला आला होता. तो म्हणाला, तुम्ही एवढं लिहिता, मग आमच्या किल्ल्याचं का लिहीत नाही? एका ठेकेदारानं अर्ज केलाय, फुटका बुरूज पाडून त्याची खडी रस्त्याला टाकणार आहे. माझं रक्त तिथंच उसळलं. ज्या बुरुजापाशी मूठभर मावळ्यांनी मोगलांच्या अफाट फौजेला जवळजवळ दोन महिने थोपवलं, जो शेवटी सुरुंगानं उडवावा लागला, त्याची खडी? मी टाइप जुळवणाऱ्याच्या शेजारी बसूनच पत्रक सांगितलं. ‘ओसाड, बेवारस, निवडुंगाने गिळलेली ही वीरभूमी! जिथे आज कुत्रेही फिरकत नाही!’ वगैरे. गुलाबी कागदावर पाचशे प्रती काढल्या आणि दिसेल त्याच्या हातात देत सुटलो.

खेडच्या कचेरीत मंगळवारी त्या अर्जाची सुनावणी होती. तिथल्या एका वकिलांना मी पत्रक पाठवलं. त्यांचं उलट कार्ड आलं. ‘पत्रकाला कचेरीत कोण विचारतो? जागेचा फोटो आणा.’

म्हणून मी चाकणला गेलो.

शनिवार. पिंपरी, भोसरी, मोशी

पिंपरीच्या निर्वासितांच्या छावणीत लालचंदभाईंचा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे बराकीतली एक खोली. मागं पडद्यावर रंगवलेलं तळं, तळ्यात दोन हंस, समोर एक खुर्ची. सिंधमधून निघताना त्यांनी सामानात फक्त कॅमेरा आणला, असं लोक सांगतात. पन्नाशीचा माणूस. मराठी बोलतात, पण त्यांच्या मराठीत पुरुष बाई होतो आणि बाई पुरुष. मला त्याचं काही वाटत नाही. आमच्या घरी त्यांच्या मराठीच्या अर्धी हिंदीसुद्धा कुणाला येत नाही.

मी काम सांगितलं. त्यांनी विचारलं, “फोटोत बसणार कोण?”

“कोणी नाही. मोकळं मैदान.”

“लगीन आहे?”

“नाही.”

“मयत?”

“अहो नाही. रणांगण आहे. बुरूज. सकाळचं कोवळं ऊन तिरपं पडलं की दगड न् दगड उठून दिसतो, असं तुम्हीच मागं म्हणाला होता.”

“ते बरोबर. पण साईं, खुर्चीवर कोणाला बसवायची?”

खुर्ची नको म्हणून मी चारदा सांगितलं. शनिवारी दुपारी छावणीच्या नाक्यावर भेटलो, तर त्यांच्या सायकलला कॅमेऱ्याची पेटी, लाकडी तिपाई, सहा काचांची डबी आणि घडीची खुर्ची, असं सगळं बांधलेलं. माझ्या सायकलला पत्रकांचा गठ्ठा. दोघं मिळून सर्कस निघाल्यासारखे दिसत होतो.

भोसरीत शिरता शिरता माझी सायकल बसली. पंक्चर काढणारा गडी म्हणजे तालमीतला पैलवान. मांडी खांबासारखी, कान चुरगळलेले. त्यानं ट्यूब पाण्यात बुडवली आणि डोळे मात्र कॅमेऱ्याच्या पेटीवर.

“फोटूचं यंत्र हाय व्हय?”

मी त्याला रणभूमीची विटंबना समजावून सांगू लागलो. पत्रक हातात दिलं. त्यानं ते मन लावून बघितलं, मग त्याच्यावर सोल्युशनचं बोट पुसलं आणि म्हणाला, “पैसं नगं. येक फोटू काढा.” मी नाही म्हणायच्या आत लालचंदभाईंनी खुर्ची उलगडली होती. पैलवान आत गेला, अंगाला तेल चोळून लंगोटावर बाहेर आला. खुर्चीवर बसायला तयार होईना. शेवटी त्यानं एक पाय खुर्चीवर ठेवला, मांडीवर थाप मारली आणि तसाच श्वास रोखून उभा राहिला. लालचंदभाईंनी काळ्या फडक्यातून डोकं काढून लेन्सचं टोपण उघडलं, तीनपर्यंत मोजलं, टोपण लावलं.

एक काच गेली. उरल्या पाच.

“एवढी चांगली माणूस,” लालचंदभाई म्हणाले, “खाली हात कसं पाठवणार?”

मोशीच्या उतारावर त्यांची सायकल इंद्रायणीच्या ओढीनंच निघाली म्हणावं लागेल. ब्रेकचं आणि त्यांचं बोलणं बंद असल्यासारखा व्यवहार होता. नदीच्या अलीकडं बाभळीच्या झाडापाशी ते थांबले, म्हणजे सायकल झाडात थांबली आणि ते पुढं जाऊन थांबले. कॅमेरा शाबूत. खुर्ची शाबूत. काचांच्या डबीत मात्र एक काच तडकलेली. उरल्या चार. मी पाच मिनिटं नशिबाला, रस्ता खात्याला आणि ब्रेक बनवणाऱ्यांना बोल लावला. लालचंदभाई गुडघ्यावर नदीचं पाणी लावत ऐकत बसले.

नदी ओलांडली आणि माणसाचा राग निवावा असा मुलूख लागला. दोन्ही बाजूंना हुरड्यात आलेली ज्वारी, मधूनच हरभऱ्याचा आंबूस वास, पश्चिमेला डोंगरांची निळी रेघ. आमच्या चिंचवडला नदीकाठ आहे, पण असं मोकळं आभाळ नाही. मी राग निवू दिला नाही. पत्रकं अजून बरीच वाटायची होती.

शनिवार संध्याकाळ. चाकण

चाकणला पोचलो तेव्हा बाजार उठत होता. कांद्याची टरफलं वाऱ्यावर उडत होती, बैलांचे व्यापारी रुमालाखाली हात धरून शेवटचे सौदे करत होते. आमची उतरायची सोय छापखान्यातल्या त्या कांद्याच्या व्यापाऱ्यानं रखमाजी तात्यांकडं केली होती. तात्या म्हणजे किल्ल्याला लागून ज्यांचं कांद्याचं वावर आहे ते शेतकरी. साठीचे, बारीक, बोलताना समोरच्याचं माप घेणारे.

“या पाव्हनं. बसा,” म्हणून त्यांनी दारातल्या पायरीकडं हात केला.

मी बसलो. बसल्यावर हाताला कोरीव काम लागलं. वाकून बघितलं. पायरी म्हणजे घडीव काळा दगड होता, एका कडेला कमळ कोरलेलं. शेजारच्या घराच्या जोत्यात तसाच दगड. गोठ्याच्या उंबऱ्याला तसाच. मी ताडकन उठलो.

“तात्या, हा किल्ल्याचा दगड आहे.”

“व्हय.”

“तुम्ही आणला?”

“आज्यानं आनला. पडल्याला व्हता.”

“ही राष्ट्राची संपत्ती आहे.”

“मंग बसा की राष्ट्रानं. आमी कुटं उटवतो?”

मी त्यांना सांगितलं की अशा घरात मी पाणीसुद्धा पिणार नाही. ठेकेदार आणि तुम्ही यांत फरक काय, असं स्पष्टच विचारलं. तात्यांनी चंची उघडली, पानाला चुना लावला, सावकाश घडी घातली.

“फरक हाय. आमी पडल्याला उचलतो. त्यो उभा पाडनार हाय.”

यावर माझ्याजवळ उत्तर होतं, पण तेवढ्यात आतून मासवडीच्या रश्श्याचा वास आला. तात्यांच्या मालकीण भागूकाकूंनी बेसनाच्या उकडलेल्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून वड्या पाडल्या होत्या. वरून लालभडक रस्सा, शेजारी बाजरीची भाकरी. आमच्या घरी आमटीत गूळ पडतो. इथं गुळाचं नाव काढलं असतं तर काकूंनी मला आजारी समजून काढा दिला असता. मी तत्त्व म्हणून एकच भाकरी खायची ठरवली. तिसऱ्या भाकरीला लालचंदभाईंनी माझ्याकडं बघितलं आणि रस्सा पुढं सरकवला.

जेवणं होताहेत तोवर पाटील आले. भारदस्त माणूस, पांढरा फेटा, मागं एक पिवळं कुत्रं. त्यांनी फोटोबद्दल बारकाईनं विचारलं. किती वाजता, कुठून, बुरुजाची कोणती बाजू. मी खूश झालो. म्हटलं, गावात निदान एक तरी जाणता माणूस आहे. मी त्यांना सगळं सांगितलं. पूर्वेच्या अंगानं, सूर्य उगवल्याबरोबर, आणि हा फोटो मंगळवारी साहेबांसमोर जाणार आहे.

“सायबाम्होरं,” पाटील म्हणाले आणि एकदम उठले. “मंग आमाला निगाया पायजे.”

इतक्या घाईनं का उठले, हे विचारायची बुद्धी मला झाली नाही.

रविवार पहाट. बुरूज

अंधार विरळ होत होता तेव्हा आम्ही निघालो. थंडी अशी की लालचंदभाईंनी कॅमेऱ्याचं काळं फडकं डोक्यावरून गुंडाळून घेतलं होतं. खंदकाच्या कडेनं धुकं पडलेलं. चालता चालता माझ्या डोळ्यांसमोर फोटो तयार होता. काळा फुटका बुरूज, अंगावर निवडुंग, समोर उजाड माळ. साहेबाला तो बघून शरमेनं मान खाली घालावी लागेल, असा.

धुकं जरा हललं आणि समोर काहीतरी पांढरं दिसलं.

बुरुजाला चुना लावला होता. ताजा. पुरुषभर उंचीपर्यंत. त्याच्यावर गेरूची लाल पट्टी. फुटलेल्या खिंडारावर आंब्याच्या पानांचं तोरण. समोरचा माळ झाडून शेणसडा घातलेला आणि मधोमध रांगोळी. आणि निवडुंग नव्हता. मुळासकट काढून खंदकाच्या पलीकडं त्याचा ढीग लावला होता.

पाटील चुन्याचे हात धोतराला पुसत पुढं आले. त्यांच्या मागं गाव उभं होतं. म्हणजे खरोखरच गाव. कोशे पटके, इरकली लुगडी, नाकात नथी, लग्नात घालायचे कोट. म्हातारी माणसं कांबळी टाकून पुढं बसलेली. बायका एका अंगाला डोक्यावर पदर घेऊन. थंडीनं सगळ्यांची नाकं लाल, पण कुणी हलत नव्हतं.

“तो निवडुंग कुणी काढला?” मी विचारलं.

“आमी. राती कंदील लावून सुरवात केली, पाटेपातुर काडला,” पाटील म्हणाले. “हे बगा, हाताला काटं.”

“निवडुंगच तर हवा होता मला.”

“निवडुंग?”

“मला ओसाड जागा दाखवायची आहे. दुर्दशा. या बुरुजाकडं कुणाचं लक्ष नाही, हे दाखवायचंय. तुम्ही त्याला नवरदेव करून ठेवलाय.”

पाटलांचा चेहरा पडला. भागूकाकू बायकांमधून म्हणाल्या, “आता सायबाम्होरं जायाचं तर तसंच जायाचं व्हय? पारोसं?”

बायकांत हसू पसरलं. एक म्हातारी म्हणाली, “पाव्हन्याच्या घरी झाडीत न्हाईत वाटतं.”

मी उजवीकडं गेलो. तिथं चुना कमी पडला होता, काळे दगड उघडे होते आणि घाईत राहून गेलेला निवडुंगाचा एक फड होता. मी लालचंदभाईंना तिकडं ओढलं. कॅमेरा लावला. सूर्य धुक्याआडून वर आला आणि खरोखर, जे लालचंदभाई म्हणत होते ते झालं. दगडावरचा छिन्नीचा एकेक घाव जिवंत झाला. मी लोकांना बाजूला व्हायला सांगू लागलो. कुणी झाले, कुणी वाकून बघू लागले. मी कॅमेऱ्याशेजारी उभा राहून हात वर करून ओरडत होतो, “मागं व्हा, कुणी नको, माणूस नको फोटोत.” तेवढ्यात लालचंदभाईंनी टोपण काढून लावलंसुद्धा.

मग त्यांनी माझी परवानगी न विचारता खुर्ची उचलली, रांगोळीच्या मागं नेऊन मांडली आणि गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला तिच्यावर बसवलं. उंच माणसं मागं, बुटकी पुढं, फेटा जरा डावीकडं, काकू, पदर असू दे पण तोंड दिसू दे. पुष्कळ लग्नं लावलेल्या भटजीसारखे ते त्यांच्यात फिरत होते. पहिल्या दोन्ही वेळी पाटलांना शिंक आली, दोन काचा वाया गेल्या. उरली एक. लालचंदभाई सगळ्यांसमोर हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, “आता हलू नका. तीनपर्यंत. नंतर सगळं आयुष्य हला.”

कुणी हललं नाही. पाटलांचं पिवळं कुत्रं पुढं येऊन रांगोळीवर बसलं होतं, तेसुद्धा नाही.

मी पाठ फिरवून उभा होतो. मला इतका संताप आला होता की निघताना तात्यांचा मी निरोपही नीट घेतला नाही. ते मात्र म्हणाले, “मंगळवारी मी बी येतो खेडला. माज्या तोंडाचा फोटू हाय त्यात. बगाया नगं?”

रविवार दुपार. पिंपरी

छावणीतल्या त्या खोलीत दारं-खिडक्या गोधड्यांनी बंद करून लालचंदभाईंनी काचा धुतल्या. लाल दिव्याखाली मी उभा होतो. माझा ओसाड कोपरा पाण्यातून वर आला. दगड सुरेख आले होते. निवडुंगही. आणि त्या सगळ्यावर आडवी, लांबच लांब, हात वर केलेली एका माणसाची सावली. सूर्य आमच्या पाठीमागं होता, हे मी ओरडण्याच्या भरात विसरलो होतो.

“माणूस नको म्हणत होता ना,” लालचंदभाई म्हणाले. हसले नाहीत, एवढं त्यांचं सौजन्य.

दुसरी काच मी बघायला तयार नव्हतो. त्यांनी दोन्ही काचांचे छाप काढून दोरीला लावले. मग कपाटातून एक जुना फोटो काढून माझ्या हातात दिला. दगडी घर. निळा की हिरवा कळत नाही असा दरवाजा. कडुनिंब. ओटा. ओट्यावर कोणी नाही.

“माझा घर,” ते म्हणाले. “नवी लेन्स आली होती. बघायला घेतला. सगळे आत होते, आई, भाऊ, सगळे. मी बोलला, बाहेर नका येऊ, लेन्सची चाचणी आहे.”

मी फोटो लाल दिव्याजवळ धरला.

“लेन्स चांगली होती,” ते म्हणाले आणि फोटो परत कपाटात ठेवला.

मी दोन्ही छाप पिशवीत घातले. वर माझा ओसाड कोपरा, खाली गाव. सावली असली तरी पुरावा म्हणून तोच दाखवायचा, असं मी ठरवलं होतं.

मंगळवार. खेड

कचेरीच्या व्हरांड्यात तात्या माझ्या आधी हजर होते. ठेकेदारही होता. मी मनात त्याचं जे चित्र रंगवलं होतं तसा तो अजिबात नव्हता. चष्मा लावलेला, सभ्य, मला बघून उठून नमस्कार करणारा. साहेब पोक्त होते आणि त्यांना जेवणाच्या सुट्टीच्या आत तीन अर्ज संपवायचे होते.

ठेकेदार उभा राहिला. “साहेब, जागा पडीक आहे. कुणाच्या उपयोगाची नाही. माझ्या शब्दावर नका जाऊ. हे पाहा.” आणि त्यानं खिशातून गुलाबी कागद काढला.

माझंच पत्रक.

तो वाचू लागला. चांगलं वाचत होता. “ओसाड, बेवारस, निवडुंगाने गिळलेली ही वीरभूमी. जिथे आज कुत्रेही फिरकत नाही.” मग कागद अदबीनं टेबलावर ठेवून म्हणाला, “मला एवढी भाषा येत नाही, साहेब. माझंच म्हणणं आहे, पण यांनी माझ्यापेक्षा छान मांडलंय.”

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. “हे तुम्ही लिहिलंत?”

“हो. पण माझा उद्देश—”

“उद्देश नाही विचारत. जागा ओसाड आहे की नाही?”

आयुष्यात मी अनेकांना कोंडीत पकडलं होतं. स्वतःच्या पाचशे प्रतींनी मला कधी पकडलं नव्हतं. पिशवीत हात घातला. वरचा छाप हाताला लागला, माझा कोपरा, निवडुंगाचा. तो टेबलावर ठेवला की बुरुजाची खडी झालीच म्हणायची. ओसाड जागा सरकारकडं मागायलाच लोक येतात, हे मला त्या क्षणी कळलं. तीन आठवडे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. मी तो छाप खाली सारला आणि दुसरा काढून साहेबांसमोर ठेवला.

साहेबांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. “हे काय, लग्न आहे?”

“न्हाई सायेब,” तात्या पुढं झाले. त्यांनी टेबलावर वाकून बोट ठेवलं. “ह्यो मी. ही आमची मालकीन. ही खुर्चीवर बसल्याली सगुणा म्हातारी, तिच्या सासऱ्याच्या येळंपासनं ह्या बुरुजाला आमुशाला नारळ फुटतो. हितनं तिकडं माजं वावार. ह्यो पाटील. फेटा कसा बसलाय बगा.”

“आणि हे कुत्रं?”

“पाटलाचं. रोज तितंच बसतंय.”

साहेबांनी गुलाबी कागद उचलला, ती ओळ परत वाचली आणि ठेकेदाराकडं सरकवला. “इथं कुत्रंही फिरकत नाही म्हणताय.”

ठेकेदार चष्मा पुसू लागला.

“जागा वापरात आहे, असं लेखी द्या,” साहेब मला म्हणाले. मी तिथंच बसलो. सुरुवात केली ती मोगलांच्या वेढ्यापासून. दीड पान झालं तेव्हा साहेबांनी घड्याळ बघितलं. “एवढं नको. एक ओळ.”

मी थांबलो. एक ओळ मला कधी जमलेली नाही. तात्या माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. वाचता येत नव्हतं, पण मी अडलोय हे त्यांना कळलं.

“लिवा की,” ते म्हणाले. “आमी हाय तितं.”

मी लिहिलं. आम्ही तिथे आहोत. तात्यांनी खाली अंगठा उमटवला.

“आणि याचं काय?” साहेबांनी गुलाबी कागदावर बोट ठेवलं. मी तो जवळ ओढला. त्याच्यावर आडवं लिहिलं, ‘हे मी न पाहता लिहिलं,’ आणि सही केली. साहेबांनी दोन्ही कागद आणि फोटो एकत्र टाचले, ठेकेदाराच्या अर्जावर दोन शब्द लिहिले आणि पुढचा अर्ज हातात घेतला.

बाहेर आलो. तात्या अंगठ्याची शाई धोतराच्या सोग्याला पुसत होते.

“बुरूज ऱ्हातो न्हवं?”

“राहतो.”

“मंग चला बिगीनं. कांद्याला पानी द्यायचं राह्यलंय.”